बाजेचे चोर उलट्या बाजूला

भाऊंची जमीन जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून गाडीने अर्ध्या तासावर. वरच्या अंगाला द्राक्षं, मधे टोमॅटो, ओढ्याकडे ऊस. बांधावर उभं राहिलं की खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची एक तबकडी दिसते. जीएमआरटी हे त्या दुर्बिणीचं नाव, तिच्या अशा ३० तबकड्या या भागात पसरल्या आहेत, एकेकीचा व्यास ४५ मीटर. १४ मधोमध, साधारण चौरस किलोमीटरभर जागेत, आणि उरलेल्या १६ तीन फाट्यांवर. पहिल्या भेटीत मी तिच्याकडेच बघत उभी होते आणि भाऊ मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवत होते.

"मॅडम, आपल्याला असं करायचंय."

डिस्नेने अमेरिकेत ऑरलँडोला अंतराळयानासारखं हॉटेल बांधलं होतं, त्याचा तो व्हिडिओ. मार्च २०२२ मध्ये ते उघडलं. शंभर खोल्या, मुक्काम दोन रात्रींचाच, खोल्यांना खरी खिडकीच नाही. खिडकीच्या जागी पडदा आणि त्यावर सरकणारे तारे. दोन माणसांचे पावणेपाच हजार डॉलरच्या वर. सप्टेंबर २०२३ मध्ये ते बंदही झालं. मी हे सगळं भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "बंद झालं ते झालं. पण ही बाई आत गेल्यावर रडतीय, ते बघा की. हॉटेलात जाऊन कुणी रडतं का?"

या प्रश्नासाठी मी काम घेतलं. मी वास्तुविशारद आहे, तोवर घरं आणि दोन शाळा केल्या होत्या. आत पाऊल टाकल्यावर माणूस आपलं रोजचं जग विसरतो असं काहीतरी बांधायची इच्छा फार वर्षांची होती.

भाऊंकडे द्राक्षाच्या पॅकिंगसाठी बांधलेली जुनी शेड होती. शंभर फूट लांब, चाळीस फूट रुंद, वर पत्रा, खिडक्या जवळपास नाहीत. मागच्या टोकाला शीतगृहाची खोली, तिच्यावर स्लॅब. त्यात सहा खोल्या, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर बसवायचं ठरलं. जमिनीचं एनए (बिगरशेती करणं), ग्रामपंचायतीचे कागद आणि बाकीच्या परवानग्या यात पाच महिने गेले. ते ज्याने केलंय त्याला सांगायची गरज नाही.

त्या पाच महिन्यांत मी अंतराळात माणसं खरोखर कशा जागेत राहतात ते वाचत होते, आणि पहिलाच धक्का असा की अंतराळस्थानक आतून गोल नसतं. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाचे बरेचसे भाग बाहेरून नळकांड्यासारखे आहेत. पण आत चारही बाजूंनी कपाटांसारखे रॅक बसवलेले असतात, आणि मधे उरतो तो चौकोनी बोळ. भिंत, छत, जमीन, सगळीकडे सामान. भाऊंच्या डोक्यात पांढरंशुभ्र, गुळगुळीत, गोल भुयार होतं. मी त्यांना स्थानकातले फोटो दाखवले: वायरी, पट्ट्या, कागद चिकटवलेल्या भिंती, पाय अडकवायला निळ्या दांड्या. ते बराच वेळ बघत बसले. "हे तर आपल्या पॅकहाउससारखं दिसतंय," म्हणाले. त्यांना ते आवडलं नव्हतं, पण मला त्या वाक्यात वाट दिसली. खरी जागा राबती असते. आपली खोलीही राबती दिसायला हवी.

गलिना बालाशोवा यांच्याबद्दल मी तेव्हाच वाचलं. सोव्हिएत यानांच्या आतल्या भागाची रचना करणाऱ्या त्या वास्तुविशारद. वजन नाही म्हटल्यावर वर-खाली उरत नाही आणि माणूस गोंधळतो, म्हणून जमीन गडद, छत फिकं असे रंग त्या योजत. सोयुझ यानाच्या राहत्या भागाच्या भिंतीवर लावायला त्यांनी स्वतः जलरंगात छोटी निसर्गचित्रं काढली. यानाचा तो भाग परतीच्या वाटेवर जळून जातो, त्याबरोबर चित्रंही गेली. हे वाचून मी आमच्या सहाही खोल्यांसाठी गावच्या शाळेतल्या मुलांकडून चित्रं काढून घ्यायचं ठरवलं. ओढा, शिवनेरी, द्राक्षाचा मांडव. घर सोडून लांब गेलेला माणूस भिंतीवर घरच लावणार.

दुसरे रेमंड लोवी. स्कायलॅब हे अमेरिकेचं पहिलं अंतराळस्थानक १९७३ मध्ये वर गेलं. त्याच्या अंतर्भागासाठी नासाने या औद्योगिक रचनाकाराचा सल्ला घेतला होता. त्यांनी आग्रह धरला दोन गोष्टींचा: प्रत्येकाला स्वतःचा कोपरा, आणि बाहेर बघायला खिडकी. अभियंत्यांना खिडकी नको होती, कारण भोक पाडलं की कवच कमकुवत होतं. तरी ती ठेवली गेली. ऑरलँडोच्या पडद्याच्या खिडक्या आणि लोवींची ही खिडकी, दोन्ही माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या त्या कायमच्या. आमच्या शेडच्या वर तर खरं आकाश होतं, पावसाळा सोडला तर आकाशगंगा दिसणारं. त्याच्याखाली पडद्यावरचे तारे लावायला माझं मन तयार होईना. भाऊंना मात्र जेवणाच्या जागेत ताऱ्यांचं छत हवंच होतं. या एका मुद्द्यावर आमचं महिनाभर जमलं नाही.

आधी बोळाचं सांगते. शिरल्यापासून खोल्यांपर्यंत साठ फुटांचा बोळ, हाच सगळ्या अनुभवाचा कणा. त्याच्या सांगाड्यासाठी कमानी हव्या होत्या आणि पुण्यातल्या फॅब्रिकेटरचे दर ऐकून आम्ही गप्प झालो. तोडगा शेजारच्या शेतात होता. या भागात फुलांची, भाज्यांची पॉलिहाउसं पुष्कळ. ती उभारणारे लोक जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला मशिनवर हवा तसा बाक देतात. त्यातल्याच एकाने आमच्या कमानी आठ दिवसांत वाकवून दिल्या, दर दोन फुटांवर एक. काम चालू असताना तो तबकडीकडे बोट करून म्हणाला, "तीपण अशीच हाय ना? पाइप, तारा आणि जाळी." खरंच तशीच आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दुर्बीण कमी खर्चात उभी करण्यासाठी घट्ट पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांवर बारीक जाळी बसवली. वारा आरपार जातो, त्यामुळे वजनही कमी लागतं. भाऊ म्हणाले, "म्हणजे आमचा द्राक्षाचा मांडवच."

कमानींवर आत लावायला फायबरचे पॅनेल मागवले होते. आग न धरणाऱ्या रेझिनचे, असं ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. माल आला, दिसायला देखणा. मी एका तुकड्याला शेडबाहेर नेऊन काडी लावली. काळा धूर सोडत तो पेटला आणि विझवेपर्यंत थेंब थेंब गळत राहिला. बिनखिडकीच्या साठ फुटी बोळात हे लागलं असतं तर काय, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही. सगळा माल परत पाठवला. पैसे परत मिळायला सात महिने लागले आणि पूर्ण मिळाले नाहीत. जे कुणी सजावटीची हॉटेलं, कॅफे बांधतायत त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: कागदावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक खेपेतला एक तुकडा बाहेर नेऊन जाळून बघा. थर्माकोल तर दारातही येऊ देऊ नका.

पॅनेलऐवजी पावडर कोटिंग केलेला जीआय पत्रा लावला, मागे रॉकवूल, म्हणजे आग न धरणारी दगडी लोकर. बोळाच्या दोन्ही टोकांना बाहेर उघडणारी दारं. स्थानकातली बरीचशी दारं चौकोनी असतात, सव्वा मीटर लांब-रुंद, त्यातून तरंगत जायचं. भाऊंना तशीच वाकून शिरायची दारं हवी होती. मी अक्कांना, म्हणजे भाऊंच्या आईंना, मापाच्या चौकटीतून जायला सांगितलं. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या अक्का चौकटीपाशी थांबल्या आणि नुसतं भाऊंकडे बघितलं. दारं पूर्ण उंचीची झाली, चौकटीवर गोल कोपऱ्यांचा चौकोन रंगवला.

पत्र्याचा बोळ पूर्ण झाला त्या दिवशी एक गोष्ट घडली, जी मी योजलेली नव्हती. आत शिरल्यावर सगळ्यांच्या मोबाइलची रेंज गेली. चारी बाजूंनी धातू, सिग्नल आत येईना. सुतार वैतागला, भाऊ घाबरले की पाहुणे तक्रार करतील. माझ्या मात्र अंगावर काटा आला. जग मागे सुटल्याची जाणीव जी मी दिव्यांनी आणि रंगांनी आणू बघत होते, ती पत्र्याने फुकटात आणली होती. शिवाय जे आत येत नाही ते बाहेरही जात नाही. शेजारची दुर्बीण आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी पकडते. उदासीन हायड्रोजनची लहर १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास येते, तीही त्यांत. बघायला येणाऱ्यांना तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात तो त्यामुळेच. एलईडी दिव्यांना वीज पुरवणारे स्वस्त ड्रायव्हर, वायरलेस सेन्सर, काही ना काही गोंगाट सोडतच असतात. आम्ही ठरवलं की आमच्याकडे सगळं वायरवर चालेल: दिव्यांची बटणं, खोल्यांतले इंटरकॉम, आगीचे अलार्म. ड्रायव्हर चांगल्या प्रतीचे घेतले आणि धातूच्या डब्यांत बंद केले. खर्च वाढला. पण त्या तबकड्यांच्या शेजाराला राहून आकाशाच्या नावाने धंदा करायचा आणि त्यांच्याच कानाशी कलकलाट करायचा, हे मला शोभणारं वाटत नव्हतं, आणि भाऊंनाही पटलं.

आवाजाचंही तसंच. अंतराळस्थानकात कधीच शांतता नसते. तिथे गरम हवा वर जात नाही, कारण वर असं काही नाहीच. सोडलेला श्वास तोंडापाशीच साठून राहू शकतो, म्हणून पंखे अखंड फिरत ठेवावे लागतात. आमच्या बिनखिडकीच्या शेडलाही ताजी हवा लागणारच होती. एरवी आम्ही ब्लोअरचा आवाज दाबण्यात पैसे घालवतो. इथे तो बोळात मुद्दाम थोडा ऐकू येऊ दिला. खोल्यांत मात्र नाही, तिथे माणसाने झोपायचं आहे. न्हाणीघरही अगदी साधं ठेवलं, टाइल, बादली, गरम पाणी. तिथे कुणाला अंतराळवीर व्हायचं नसतं.

आता बिबट्या. जुन्नरच्या उसात बिबटे राहतात, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे, आणि इथल्या माणसाला रात्री अंगणात उतरतानाही आधी बॅटरी फिरवावी लागते. आमचं काम चालू असतानाच शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं गेलं. माझ्या मूळ आराखड्यात पाहुणे रात्री शेतातल्या कट्ट्यावर जाऊन दुर्बिणीतून आकाश बघणार होते. भाऊ म्हणाले, चारी कोपऱ्यांना हॅलोजन लावू. हॅलोजन लावले तर आकाश गेलं, आणि अंधार ठेवला तर एखाद्याचं लेकरू. यात घासाघीस करण्यासारखं काही नव्हतं. मी आराखडा फाडला.

त्या रात्री भाऊंच्या ओसरीवर बसून कागदावर शेड पुन्हा काढली तेव्हा शीतगृहाचा स्लॅब दिसला. इतके महिने तो तिथेच होता. बोळाच्या शेवटाला जिना घेतला, वर स्लॅबवर उघडणारं झाकणासारखं दार, कडेला उंच कठडा आणि जाळी. पाहुण्याला जमिनीवर पाऊलच टाकावं लागत नाही. आवाराला आठ फुटी जाळी, दिवे खाली तोंड करून, आणि पाहुणे आकाश बघायला गच्चीवर गेले की तेही बंद. यानाच्या पोटातून चालत जायचं, शिडी चढायची आणि डोकं थेट ताऱ्यांत काढायचं. या सगळ्या हॉटेलात मला सर्वांत अभिमान वाटतो तो याच जागेचा, आणि ती बिबट्यामुळे सुचली.

जिना ठरला आणि ताऱ्यांच्या छताचा तिढाही सुटला. उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची पुरेशी सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. तोवर आकाशात दिसायला हवं त्यातलं निम्मंही दिसत नाही. मंद तांबड्या उजेडाने मात्र ही सवय फारशी मोडत नाही. म्हणजे पाहुण्यांना वर नेण्याआधी अर्धा तास मंद तांबड्या उजेडात बसवायला हवं होतं, आणि अर्धा तास माणूस राजीखुशीने बसतो तो जेवायला. ताऱ्यांचं छत त्या अर्ध्या तासाचं छत झालं. खाली बसून ओळख करून घ्यायची, मग वर जाऊन भेटायचं. मी भाऊंना होकार दिला. अट एकच, छतावरचे तारे खऱ्या जागी असतील.

तारीख निवडली ३ एप्रिल १९८४. त्या दिवशी राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून सॅल्यूत ७ या सोव्हिएत अंतराळस्थानकाकडे निघाले. त्या दिवशीचं रात्री आठचं जुन्नरचं आकाश: पश्चिमेकडे झुकलेलं मृग, नैऋत्येला व्याध, त्याच्याखाली दक्षिणेकडे अगस्ती, ईशान्येला वर चढलेले सप्तर्षी, पूर्वेला नुकतीच उगवलेली चित्रा. प्लायचे बारा तक्ते, नऊशेच्या वर भोकं, प्रत्येकात मागून ओवलेली प्रकाशाची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर. ठळक ताऱ्याला जाड तार, अंधुक ताऱ्याला केसासारखी. रोहिणीच्या तारेच्या टोकाला तांबूस काचरंगाचा एक ठिपका. तारा ओवणारी दोन मुलं एरवी गणपतीचे देखावे करतात. सव्वीस दिवस मचाणावर उताणं पडून त्यांनी हे केलं.

पहिल्यांदा दिवा लावला त्या संध्याकाळी सगळं घर जमलं होतं. अंधार केला, तारे उजळले, कुणी बोलेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "बाजेचे चोर उलट्या बाजूला गेलेत."

सप्तर्षींना इकडे बाज म्हणतात. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार खूर, आणि शेपटीचे तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर. अक्का खुर्चीतून उठल्या, हात वर करून दाखवायला लागल्या. "हे बघ पोरी, चोर हिकडून येत्यात. तुझे तिकडून आलेत. आन तिकांडंबी उलटंच." तिकांडं म्हणजे मृगातले एका ओळीतले तीन तारे.

मी छापील नकाशा आणून शेजारी धरला आणि पोटात गोळा आला. नकाशा प्लायच्या वरच्या अंगाला चिकटवून भोकं पाडली होती. खालून बघणाऱ्याला सगळं आकाश आरशातल्यासारखं उलटं दिसत होतं. आराखडा माझा, देखरेख माझी. मी कितीदा त्या छताखाली उभी राहिले होते. ज्यांनी आयुष्यभर पहाटे पाणी द्यायला जाताना तेच आकाश बघितलं त्यांना एका नजरेत कळलं.

तारा काढल्या, प्रत्येक तक्ता पालथा केला, तक्त्यांच्या जागा डावीकडून उजवीकडे बदलल्या, आता खाली आलेल्या अंगाला पुट्टी आणि काळा रंग दिला, आणि पुन्हा नऊशे तारा ओवल्या. सतरा दिवस. मुलांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. दुसऱ्यांदा दिवा लावायच्या आधी मी अक्कांना मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांनी आधी बाज बघितली, मग मृग, मग कृत्तिका बोटाने मोजल्या आणि "आता बरोबर" म्हणून घरात निघून गेल्या.

जेवणात काय ठेवायचं यावर थोडं बोलणं झालं. भाऊंना ट्यूबमधलं काहीतरी हवं होतं. पण २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळस्थानकात गेले तेव्हा त्यांनी बरोबर गाजराचा हलवा आणि आमरस नेला होता, हे मी सांगितलं आणि विषय संपला. आमच्याकडे तांबड्या उजेडात मासवडी, बाजरीची भाकरी मिळते, उन्हाळ्यात आमरस.

पहिले पाहुणे डिसेंबरात आले, ठाण्याचं एक कुटुंब. आठवीतली मुलगी बोळात शिरल्यावर मोबाइल वर-खाली धरून रेंज शोधत होती. जेवून सगळे जिना चढले. झाकण उघडलं. बऱ्याच वेळाने मुलीच्या वडिलांनी विचारलं, "हा पांढरा पट्टा म्हणजे ढग आहे का?" भाऊंनी सांगितलं, ती आकाशगंगा. ते कठड्याला धरून खाली बसले. भाऊंनी अंधारात माझ्या दंडाला हात लावला. ते गृहस्थ रडत होते की नाही ते मला दिसलं नाही आणि बघावंसंही वाटलं नाही.

जून ते सप्टेंबर वर काहीच दिसत नाही, झाकण बंद, पत्र्यावर पाऊस. मला वाटलं होतं ते चार महिने हॉटेल बंदच राहील. गेल्या आषाढात मी गळती बघायला गेले तर जेवणाच्या जागेत अंधार, वर ३ एप्रिलचं आकाश, आणि खाली सतरंजीवर वस्तीवरच्या दहा-बारा बायका लेकरं घेऊन बसलेल्या. मधे अक्का, हातात लांब वेळूची काठी. काठीचं टोक बाजेच्या चौथ्या खुरावर टेकवून त्या म्हणत होत्या, "म्हातारी झोपली की मग ह्ये तिघं निघाले."